पुढं पळवलेला सीन

विमल,

परवा तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या एका बाईनं मला विचारलं, "शमीमबाई, तुमच्याजवळ विमलचं सगळंच हाय. तिचं सगळ्यात चांगलं काम कोणतं वो?" मी पंगतीत भाजी वाढत होते. "सगळंच चांगलं," म्हटलं आणि पुढच्या ताटाकडे सरकले. मग बायांनीच ठरवायला घेतलं. कोणी म्हणे पोलीसवाली, कोणी म्हणे देवीवाली, आणि कोपऱ्यातल्या एका म्हातारीला तू मलेरियाच्या पिक्चरमध्ये गोधडीखाली कुडकुडतेस तेवढंच आठवत होतं. मला उत्तर माहीत होतं. पण ज्या कामापायी आपण दोघी आठ वर्षं एकमेकींशी बोललो नाही, त्याचं नाव पंगतीत कसं घेऊ?

थकले, विमल. तुझ्या आजारपणात थकले नव्हते तेवढी आता थकले आहे. अंग दुखत नाही, ताप नाही. दुकानाचं शटर अर्धं वर करते आणि तशीच पायरीवर बसते. लिहायला मात्र बसले, कारण काही गोष्टी तुला सांगायच्या राहिल्या. तू म्हणायचीस, "शमीम, लिहिताना तू पुण्याची होते आन् बोलताना आपल्या सावली गावची." असू दे.

शाळेत तू माझ्या शेजारी बसायचीस, कारण माझ्याकडे पेन्सिलीला टोक करायचं यंत्र होतं. हे तूच मागाहून कबूल केलंस. सतराव्या वर्षी तू वडशाच्या कंपनीत नाटकाला उभी राहिलीस. धान कापून झालं की गावोगावी मंडईची जत्रा भरायची, नाटक रंगायचं, आणि तुझी माय, गयाबाई, पुढच्या रांगेत पोतं अंथरून बसायची. त्याच दोन-तीन वर्षांत माझं लग्न झालं आणि मोडलं. एक पेटी घेऊन मी परत आले तेव्हा अब्बांनी का आलीस म्हणून विचारलं नाही. बसस्टँडजवळच्या आमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी टेबलाची एक बाजू रिकामी केली आणि म्हणाले, "इधर बैठ." त्याच टेबलावर पुढं व्हिडिओ लायब्ररी झाली. तोवर मुंबईच्या कोण्या माणसानं तुला नाटकात पाहिलं होतं, आणि तू गेलीस.

तुझी पहिली कॅसेट चंद्रपूरच्या एसटीनं आली, कंडक्टरच्या हातून, पेपरात गुंडाळलेली. आत चिठ्ठी होती: शमीम, मायले दाखवजो. सतरा मिनिटानंतर हाय मी.

गयाबाईकडे टीव्ही नव्हता. मी व्हीसीआर सायकलच्या कॅरिअरला बांधला, अब्बांनी टीव्ही हातगाडीवर घातला. वस्तीतल्या बाया ओसरीवर दाटीवाटीनं बसल्या. तू पोलीस झाली होतीस आणि एवढंच म्हणालीस, "साहेब, गाडी तयार आहे." गयाबाई माझ्याकडे वळली. "एवढंच बोल्ली? मंडईत तर घंटाभर बोलत होती."

मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, हे सगळं खोटं असते बरं का. ती काई खरंच पोलिसात नाई लागली."

"मले शिकवते का वो तू?" ती म्हणाली. "तू जन्माले याच्या पयलेपासून मी नाटक पाहून राह्यली."

तेव्हा सगळ्या हसल्या, मीही हसले. ते बोलणं मी तेव्हाच नीट ऐकून ठेवायला पाहिजे होतं.

मग कॅसेटी येत राहिल्या. नर्स झालीस. कोर्टात खोटी साक्ष देणारी मोलकरीण झालीस. भुताच्या मालिकेत पिंपळाखाली केस सोडून उभी राहिलीस, तेव्हा पोरं ओसरीवरून पळाली आणि गयाबाई म्हणाली, "लहानपणी वेणी घालू द्याची नाई. आता पाहा, तसीच हिंडते." सरकारी मलेरियाचा पिक्चर आला त्यानंतर आठवडाभर बाया तुझ्या तापाची चौकशी करायला येत होत्या. साबणाच्या जाहिरातीत तुझे फक्त हात होते. गयाबाईनं हात ओळखले. देवीच्या गाण्यांच्या कॅसेटीसोबत तू भीत भीत लिहिलं होतंस, माय रागावेल का? बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीला टेकून तिनं सगळी गाणी पाहिली. शेवटी म्हणाली, "मुकुट जड दिसते पोरीच्या डोक्याले." बस्स.

प्रत्येक चिठ्ठीत तू मिनिटं लिहायचीस. मी तुझ्या जागेपर्यंत कॅसेट पळवून आणायची, तर गयाबाई म्हणायची, "पयलेपासून लाव. ती एकटीच थोडी हाय त्यात."

आता कमलताईचं लिहावं लागेल.

कमलताई तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मूल गावाच्या बाजूला दिली होती. नवऱ्याच्या मारापायी ती दोन वर्षांच्या प्रज्ञाला कडेवर घेऊन माहेरी आली आणि गयाबाईनं चौथ्या दिवशी तिला स्वतःच्या हातानं एसटीत बसवून परत पाठवलं. गयाबाई विधवा, रोवणी-कापणीच्या मजुरीवर घर, आणि घरात तू. महिना झाला नाही तोच निरोप आला. स्टोव्हचा भडका, असं कागदावर लिहिलं गेलं. दवाखान्यात एकालाच आत सोडत होते. तू गेलीस, सोळा वर्षांची. गयाबाई गेली नाही. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. "मी कोणतं तोंड दाखवू तिले," एवढंच म्हणत होती. दुसऱ्या दिवशी कमलताई गेली. प्रज्ञाला तिच्या बापाकडच्यांनी ठेवून घेतलं. त्यानंतर तुमच्या घरात कमलताईचं नाव निघालेलं मी ऐकलं नाही. तिचा फोटोसुद्धा भिंतीवर नव्हता.

दहा वर्षांनी ती कॅसेट आली. या वेळी चिठ्ठीत मिनिटं नव्हती. लिहिलं होतं, मायले पूर्ण दाखवजो.

मी ती आधी दुकानात लावून पाहिली. टेलिफिल्म होती, कोर्टातल्या खटल्याची. मध्यावर दवाखान्याचा वॉर्ड आला, लोखंडी पलंग, आणि पलंगावर पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली तू. डोळे आणि ओठ तेवढे दिसत होते. मी बंद केली. पुढचं पाहिलंच नाही. तू काय बोलतेस तेही ऐकलं नाही.

गयाबाईच्या घरी तो वॉर्ड आला आणि मी बटन दाबलं. पडद्यावर पांढरे पट्टे आले. त्या पट्ट्यांमागे तू भराभरा ओठ हलवत होतीस, आवाज नव्हता. चार-साडेचार मिनिटांचा सीन होता. अर्ध्या मिनिटात संपला.

"काय झालं वो?" गयाबाईनं विचारलं.

"कॅसेट खराब हाय, बाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. पुढचा कोर्टाचा भाग शेवटपर्यंत बसून पाहिला.

मला वाटलं, मी तिला वाचवलं. सायकल ढकलत घरी जाताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, विमल. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात गयाबाई गेली. तू पोचलीस तोवर सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू दुकानात आलीस. अब्बा जेवायला गेले होते. तू टेबलापाशी उभी राहिलीस, बसली नाहीस.

"मायनं ते पाह्यलं ना? दवाखान्याचं?"

मी टेबलावरच्या कॅसेटी सरळ करू लागले.

"शमीम, काय म्हणाली ती? मी फोनवर नाई विचारलं. म्हटलं, समोर विचारीन."

"विमल, मी ते पळवलं."

"म्हंजे?"

"लावलंच नाई तेवढं. तिले सहन झालं नसतं. कमलताईचं तसं..."

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू हळू आवाजात बोलायला लागलीस. "दिग्दर्शकाच्या पाया पडली मी. म्हटलं, माया बाकीचा सीन कापा, पण एवढं एक वाक्य मले माया भाषेत बोलू द्या."

"कोणतं वाक्य?"

"तू ऐकलं पण नाई?"

मी मान हलवली. तू ते मला म्हणून दाखवलंस, तिथंच, उभ्यानं. "माय, तू मले वापस पाठवलं म्हून मी रागावली नाई. तुयाजवळ तरी काय होतं?" आणि मग म्हणालीस, "कमलताईचं वाक्य हाय ते. दहा वर्षं मायपुढं माया तोंडून निघालं नाई. म्हून कॅमेऱ्यापुढं बोल्ली. आन् तू बटन दाबलं."

"मले वाटलं तिले तरास होईल."

"तुले कोणं सांगितलं वाटून घ्याले? तुया अब्बानं तुले ठेवून घेतलं, शमीम. आमच्या घरात काय झालं ते तुले कसं समजन?"

ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. मी म्हटलं, "मंग तोंडानं सांगाचं होतं. एवढ्या दुरून कॅसेट कायले पाठवली?"

तू पायरी उतरलीस. गेलीस. माझं ते शेवटचं वाक्य आठ वर्षं आपल्या दोघींच्या मध्ये पडून होतं. आजही मला कळत नाही, त्या भांडणात कोणाचं खरं होतं. तू सांगायला पाहिजे होतंस, हे खरं. मी दाबायला नको होतं, हेही खरं. पण सांगायचं तुझ्या हातात होतं, म्हणून काही मी दाबलेलं बटन माफ होत नाही.

चिठ्ठ्या बंद झाल्या. मिनिटं सांगणारं कोणी उरलं नाही, म्हणून मी मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू लागले. केबल आली तेव्हा तू दिसशील म्हणून दुपारच्या दुपारी टेपवर उतरवल्या. सीडीचे दिवस आले तशी चंद्रपूरला जाऊन सीडीच्या ढिगाऱ्यात तुझा चेहरा शोधायची. दुकानदार म्हणायचा, "बाई, कव्हरवर हिरोईन असते, तुमची बाई कुठी भेटन?" भीमगीतांच्या सीडीत निळ्या काठाच्या पातळात तू मागच्या ओळीत टाळ्या वाजवत होतीस आणि पुढच्या गायिकेपेक्षा जास्त गात होतीस. सिरोंच्याच्या एका गिऱ्हाइकाकडून तेलुगू सिनेमा मिळाला, त्यात तू तीन वेळा चहा आणतेस आणि तिन्ही वेळा वेगळी चालतेस. शेवटच्या वेळी त्या घरात मूल मेलेलं असतं, हे तुझ्या पावलांवरून कळतं. मला तेलुगू येत नाही, तरी कळलं. कोणाला सांगू? अब्बा तोवर गेले होते. कॅसेटी भाड्यानं न्यायला कोणी येत नव्हतं, मी मोबाइलचे कूपन विकायला ठेवले. तुझं कपाट मात्र हलवलं नाही.

मग एक दिवस तू एसटीतून उतरलीस. हातात एक बॅग आणि नागपूरच्या डॉक्टरांची फाइल. ओळखू आली नाहीस. पोट फुगलेलं, बाकी सगळी हाडं. दुकानाच्या पायरीवर बसलीस, दम खाल्लास, आणि म्हणालीस, "व्हीसीआर चालू हाय का तुया?"

"हाय."

"मंग ठीक."

झालं. एवढंच आपलं मिटवणं. मी तुझी बॅग उचलली आणि गयाबाईचं घर झाडायला निघाले.

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे होते आणि कोणी पुन्हा देतो म्हटलं तर मी घेईन. तुझं पातळ धुताना, सुजी पातळ करून भरवताना, तू चिडलीस की ऐकून घेताना मला एकदाही तिथून पळावंसं वाटलं नाही. दुपारी तुला जरा बरं वाटायचं. "लाव," म्हणायचीस. तू स्वतःला पाहायचीस, दुसऱ्याच्या शेतात उभं राहून धान कसं आलं ते पाहावं तशी. "हे पाहा, इथी मी मेली हाव आन् पापणी हालून राह्यली." नर्सच्या वेषात तू सुई टोचतेस तिथं तुला हसू आवरायचं नाही, म्हणायचीस, आता खऱ्या नर्सनं टोचलेलं पाहून समजलं, तेव्हा सगळं चुकलं होतं. मोलकरणीची साक्ष लावली तेव्हा मी म्हटलं, "इथी तू पदराचं टोक बोटाले गुंडाळते ना, ते गयाबाईचं हाय."

तू माझ्याकडे वळलीस. "ओळखलं तू? बंबईत कोणालेच नाई समजलं."

तुझा चेहरा तेव्हा असा उजळला, विमल, की मला लाज वाटली. एवढी वर्षं मी तुझं सगळं जमवलं आणि हे एक वाक्य तुला आधी लिहून पाठवलं नाही.

ती कॅसेट मात्र आपण लावली नाही. कपाटात तिच्यावरून हात पुढं जायचा, तुझी नजरही जायची. एका दुपारी मीच विचारलं. "विमल, कमलताई खरंच तसं बोलली होती?"

तू आढ्याकडे पाहत बोललीस. "तिचे ओठ हालत होते. आवाज नव्हता. मी कान तिच्या तोंडापाशी नेला. मले तसं आयकू आलं." मग म्हणालीस, "पाणी मांगत असन कदाचित. सोळा वर्षांची होती मी, शमीम."

मी तुझे पाय चेपत राहिले. थोड्या वेळानं तू विचारलंस, "माय जाताना काई बोलली का?"

"तुयं नाव घेतलं," मी म्हटलं.

तू डोळे मिटलेस.

ते खोटं होतं. हे सांगायलाच मी बसले आहे. गयाबाई जायच्या दोन दिवस आधी मी तिला पेज पाजत होते. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "शमीम, ते कॅसेट पळाली होती ना, त्यात मले कमल दिसली. काई बोलून राह्यली होती. काय बोल्ली वो?"

मी म्हटलं, "नाई बाई. जाहिरात होती ते."

"हाव का," ती म्हणाली, आणि मनगट सोडलं.

कॅसेट दुकानात होती. सायकलनं दहा मिनिटं. मी उठले नाही. तिच्या जिवाची काळजी म्हणून नाही. आधीचं खोटं उघडं पडेल म्हणून. तिनं स्वतःहून विचारलं होतं, विमल. जे तुला दहा वर्षं जमलं नाही, ते म्हातारीनं एका वाक्यात केलं होतं, आणि मी तिला जाहिरात म्हणून सांगितलं.

भांडणाच्या दिवशी हे सांगता आलं असतं. नंतर सहा महिने रोज सांगता आलं असतं. सकाळी ठरवायची, आज. तुझा चेहरा पाहिला की म्हणायची, उद्या. तुला सहन होणार नाही हे पुन्हा मीच ठरवलं. आधी मायच्या बाबतीत, मग तुझ्या. सवय गेली नाही.

तुला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ती कॅसेट लावली. पूर्ण. पहिल्यांदा. वॉर्ड आला तेव्हा हात पदरात गुंडाळून बसले. इन्स्पेक्टर तुला विचारतो, कसं पेटलं, आणि तू त्याच्याकडे पाहतच नाहीस. त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहतेस, कोणी आत येतं का म्हणून. ते वाक्य तू रडत म्हणत नाहीस. चुलीवर दूध ठेवलं आहे, लक्ष ठेव, असं घरातून निघताना सांगावं तसं म्हणतेस. मग पुन्हा दाराकडे पाहतेस. तेवढंच. मी रिवाइंड केलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं. खूप चांगलं केलंस, विमल. गयाबाईला सहन झालं असतं. व्हरांड्यातून उठून ती आत आली असती.

पंगत उठल्यावर प्रज्ञा माझ्यापाशी आली. कमलताईची प्रज्ञा. गडचिरोलीला नर्सिंग शिकते, तुझ्या शेवटच्या दिवसांत दोनदा येऊन गेली होती, तुला आठवत असेल. म्हणाली, "मावशी, विमलमावशीचं काई असन तर मले द्या. मायचं तर मायाजवळ काईच नाई. फोटो पण नाई."

तिला दुकानात घेऊन गेले. कपाट उघडून दिलं. मग ती कॅसेट काढून वेगळी ठेवली.

"पोरी, हे पयले ऐक. यात तुया मायचं हाय. मायच्या जागी विमल झोपली हाय दवाखान्यात, जळालेली दाखवली हाय. एक वाक्य बोलते ती. तुयी माय खरंच तसं बोल्ली का नाई, ते विमललेही पक्कं माहीत नव्हतं. पाहाचं का नाई ते तू ठरव."

ती कॅसेट उलटीपालटी करून पाहत होती. "काय बोल्ली?"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "त्यात हाय."

"वाईट हाय का?"

"मले नाई सांगता येत."

तिनं कॅसेटवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "आमच्या घरमालकिणीकडे टीव्ही हाय. व्हीसीआर नाई."

मी माझा व्हीसीआर टेबलावरून काढला. वायरी गुंडाळल्या, कोणती कुठी लावायची ते तिला दोनदा दाखवलं, जुन्या चादरीत बांधून दिला. काल सकाळी ती गडचिरोलीच्या एसटीत बसली, गाठोडं मांडीवर, कॅसेट पर्समध्ये. खिडकीतून म्हणाली, "येतो, मावशी." गाडी गेली.

तिनं ती पाहिली की नाही, मला माहीत नाही. फोन आला नाही. मी करणार नाही.